बोळ्याची दोरी

—आणि आवाज खाली. आधी आवाज खाली घ्या, मग टर्बो दाखवा. नाही, काचेवर नको, काचेखाली माझी बेअरिंगं आहेत, त्या पोत्यावरच राहू दे— हां, तिथेच. आता बोला. पण तुम्ही बोलायचं काय शिल्लक ठेवलंयत, मालक? दारातनंच बोललात सगळं. पाच गिऱ्हाईकं उभी होती माझ्यासमोर आणि तुम्ही पायरीवरनंच— ‘शेठ, तुमचा माल खोटा!’ चार महिन्यांत टर्बो गेला म्हणून माल खोटा? त्यातले दोघे ‘येतो जरा वेळानं’ म्हणून सटकले, बघितलंत ना? बत्तीस वर्षं दुकान चालवतोय मी. ‘येतो जरा वेळानं’ म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, ते विमावाल्यांसाठी ठेवलंय. इकडे, खुर्चीवर बसा. मी रागावलोय, पण गिऱ्हाईकाला डुगडुगत्या स्टुलावर बसवण्याइतका नाही.

चिठ्ठी मिळेल. मी कुठे नाही म्हणतोय? ट्रकतळाचा नियम मला नका शिकवू, तो नियम झाला त्या बैठकीत मी पहिल्या रांगेत होतो. नवी वस्तू सहा महिन्यांच्या आत गेली तर विकणारा आणि गाडीचा मालक दोघांनी मिळून ती उघडायची, आणि विकणाऱ्यानं कागदावर लिहून द्यायचं— दोष मालाचा की हाताचा. मालाचा असेल तर दुकानदाराचं नाव फाटकावरच्या काळ्या फळ्यावर, हाताचा असेल तर मिस्त्रीचं, आणि वर्षभर पुसायचं नाही. काय? विकणारा स्वतःच्या विरुद्ध कशाला लिहील? अहो, म्हणून तर मालकासमोर उघडायची! —आणि खरं सांगू, त्या बैठकीला दुकानदार बावीस होते आणि मिस्त्री दोन. बाकीचे मिस्त्री कामावर होते. दिवसाउजेडी बैठक ठेवली की असंच होतं. ती दिवसा ठेवा, असं मीच सुचवलं होतं. असो. माझं नाव बत्तीस वर्षांत एकदाही लागलेलं नाही त्या फळ्यावर, आणि आजही लागणार नाही. कोणी बसवला टर्बो?

कोणी?

बरं. नाही, काही नाही. ओळखतो. तळावर मुक्या मिस्त्रीला कोण ओळखत नाही? तुम्ही नवीन आहात, आत्ता आत्तापर्यंत दुसऱ्याची गाडी चालवत होतात, म्हणून ‘शेठ, तुम्ही ओळखत असाल कदाचित’ म्हणताय. ओळखतो. आणि तो म्हणाला माल खोटा? त्या माणसानं तोंड उघडलं? तो दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार ‘पाना दे’ ह्यातच जातात. नेमकं काय म्हणाला ते सांगा, पदरचं घालू नका. —‘शेठला दाखव’? एवढंच? मग ‘माल खोटा’ कुठनं आणलंत? तुमच्या मनातनं? वा! दोन शब्दांवर माझी बत्तीस वर्षं धुऊन काढलीत!

आणि एक माहीत आहे तुम्हाला? त्याचं नाव एकदा लागलंय. नऊ वर्षांपूर्वी. दुसऱ्यांदा लागलं की तळावरचा गाळा रिकामा करावा लागतो, तोही नियमच आहे. म्हणजे आज मी ‘हाताचा दोष’ असं लिहिलं की तो माणूस साठाव्या वर्षी पाना-पेटी उचलून रस्त्यावर. तेव्हा चिठ्ठी-चिठ्ठी काय करताय! ते दोन शब्द आहेत, पण त्यावर एक छप्पर उभं आहे. आणि नाही लिहिलं तर माझं. बघू. वस्तू खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

टर्बो म्हणजे काय, माहीत आहे? शिट्टी वाजते ते— बास, एवढंच ना? गाडी घेतलीत, हप्ते डोक्यावर घेतलेत, आणि आत काय फिरतं ते ठाऊक नाही. मीही शाळेत नाही शिकलो, खोक्यांच्या झाकणांवरचं वाचत वाचत शिकलो. इकडे बघा. दांडा एक, पंखे दोन. हा ह्या बाजूचा पंखा धुराच्या वाटेत बसतो— इंजिनातनं जो जळका धूर सायलेन्सरकडे निघालेला असतो, त्याच्या जोरावर हा गरगरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हा दुसरा, हा बाहेरची ताजी हवा फिल्टरमधनं ओढतो आणि दाबून दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा मिळाली की डिझेल पुरतं जळतं, भरली गाडी चढ चढते. फुकटात! जो धूर वाया जाणार, त्याच्याचकडनं राबवून घ्यायचं— ज्याला हे सुचलं तो इंजिनियर नसणार, हाडाचा व्यापारी असणार. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे, आणि दांडा कशावर टेकलेला? तेलाच्या पापुद्र्यावर. एकानं आगीत उभं राहायचं, दुसऱ्यानं वारा खायचा, मध्ये एक दांडा. दोन भावांसारखं. एक धग सोसतो म्हणून दुसऱ्याला— ते जाऊ दे.

आता टर्बो मरतो कसा? माझ्या मते तीनच रोगांनी. तेलानं, धुळीनं, नाहीतर आत काही गेलं म्हणून. तेलाचं आधी बघू. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे ‘घाईवाला’ म्हणायचे. पूर्ण चढ चढून यायचा, टर्बो लालबुंद, आणि हा थांबल्या थांबल्या किल्ली काढून खाली उडी. इंजिन बंद म्हणजे तेल बंद, आणि पंखा आत फिरतोच आहे— कोरडा! तीन टर्बो जाळले त्यानं. मी म्हटलं, बाबा, गाडी थांबली की इंजिन चालू ठेवून एक सिगारेट ओढ आणि मगच किल्ली काढ. दोन वर्षं टर्बो टिकला. मग बायकोनं सिगारेट सोडायला लावली, आणि चौथा गेला. हसताय? हसा. पण तुमचा दांडा बघा— निळा पडलाय? नाही. तेलाचं भोक बघा, स्वच्छ. बाकीचे मिस्त्री इथे जोडातल्या गॅस्केटवर ती चिकट पेस्ट बदाबदा लावतात, ती पिळून आत जाते आणि भोक बुजतं. ह्याच्या कामात पेस्टचा थेंब नाही. कोरडं गॅस्केट, आणि बसवायच्या आधी भोकात तेल सोडून पंखा बोटानं फिरवून घेतो. घेतला होता ना? सात वेळा. मोजून सात. मला माहीत आहे. —कसं माहीत म्हणजे? तळावर सगळ्यांना माहीत आहे.

धूळ? धूळ गेली की पाती कडेनं झिजतात, कानशीनं घासल्यासारखी, धारेला पातळ होतात. ही झिजलेली नाहीत. धुराकडचा पंखाही शाबूत, म्हणजे इंजिनातनं काही तुटून आलं नाही. राहिलं काय? हवेकडचा पंखा. त्याच्याकडे बघा नीट, चष्मा हवा तर माझा घ्या. टवके उडालेत का? नाही. नट-बोल्ट गेला असता तर दात पाडल्यासारखे टवके उडाले असते. इथे पाती वाकलीत. मागे वळलीत, कुत्र्यानं कान पाडावेत तशी. म्हणजे आत काय गेलं? मऊ. काहीतरी मऊ गेलं! अहो मालक, तुमचा निकाल लागला! उठा, उठू नका, बसा— बोळा! फडक्याचा बोळा! टर्बो खोलला की पाईपाचं तोंड उघडं पडतं, आत खडा-माती जाऊ नये म्हणून मिस्त्री त्यात फडकं कोंबतो, आणि जोडताना काढायचं विसरतो. इंजिन सुरू झालं की पंखा ते ओढून घेतो, पाती वाकतात, तोल जातो, सील फुटतं, निळा धूर. निळा धूर आला होता ना? आणि त्याआधी चढाला काळा? झालं तर मग! दोष हाताचा. आणि तुम्ही माझ्या पाच गिऱ्हाइकांसमोर— आता ती पाच मी कुठनं गोळा करू? त्यांना कोण सांगणार? टर्बो मी तुम्हाला पेटीबंद दिला, वर तुमची पहिली गाडी म्हणून होजपाईप भेट दिला, माझ्याकडनं, नवा कोरा, आणि त्याचं हे बक्षीस!

आणि ह्या माणसाला सवयच आहे. नऊ वर्षांपूर्वी नाव कशानं लागलं? ह्यानंच! बोळा विसरला म्हणून! तशीच मोठी गाडी, तसाच नवा टर्बो, तिसऱ्या दिवशी इंजिन ओरडायला लागलं, किल्ली काढली तरी थांबेना, स्वतःचंच तेल पीत पीत धावत सुटलं आणि फुटलं. माणूस वाचला हे नशीब. चिठ्ठी मीच लिहिली. ‘दोष हाताचा.’ दहा माणसांसमोर वाचून दाखवली. तो उभा होता तिथे, जिथे आता तुमचं पोतं आहे. हात पुसत होता. नुसता हात पुसत राहिला आणि मग निघून गेला.

कोणी पाहिला? बोळा ना? मी पाहिला. म्हणजे अख्खा बोळा कुठला राहायला, तुकडे, पंख्यात अडकलेले तुकडे, पिवळे, घडीघडीचे, कागदा— कापडाचे. कापडाचेच म्हणालो मी. त्या गाडीचा मालक होता की समोर. होता म्हणजे, फोन करायला बाहेर गेला होता जरा. तुम्ही काय वकील आहात? नऊ वर्षांपूर्वीचं उकरून तुम्हाला काय करायचंय? तुमचं बघा! तुमच्या टर्बोत बोळा गेला, मी लिहितो, तुम्ही सही करा, आणि चला. पेन कुठे गेला माझा—

काय म्हणालात?

कसली दोरी?

थांबा, थांबा. सावकाश सांगा. बोळ्याला दोरी बांधली होती त्यानं. बरं. आणि दुसरं टोक? स्टिअरिंगला? गाडीच्या बॉनेटमधनं दोरी आत ओढून स्टिअरिंगला गाठ? म्हणजे दोरी सोडल्याशिवाय गाडी हलवताच येऊ नये आणि दोरी ओढली की बोळा बाहेर— आणि तुमच्यासमोर ओढली? बोळा निघाला? तुमच्या हातात दिला? मग बोळा कसा राहील आत? कसा राहील! मग आधी सांगायला काय झालं होतं? मी विचारलं नाही म्हणून? धन्य आहे! सगळ्या गाड्यांना करतो तो असं? नाही, मला नव्हतं माहीत. मी कशाला जातोय तिकडे. नऊ वर्षं मी त्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. पूर्वी नव्हती त्याला ही सवय. पूर्वी काढलेले बोळे खिशात टाकताना नुसते मोजायचा, एक-दोन-तीन, आणि संपलं.

विचारलंत का? का बांधतोस म्हणून? मग काय म्हणाला?

पुन्हा सांगा.

‘एकदा विसरलो होतो.’

असं म्हणाला? स्वतःच्या तोंडानं? विसरलो होतो, असं? अहो, तो विसरला नव्हता! दादा आयुष्यात बोळा विसरलेला नाही! पोर असताना मला खेळायला घेऊन जायचा तेव्हा घरी परत येताना माझ्या शर्टाची बटणं मोजायचा तो, आईनं विचारलं तर उत्तर असावं म्हणून— आणि तो बोळा विसरेल? विसरलो होतो म्हणे! मूर्ख माणूस! नऊ वर्षं! दिवसाला दोन गाड्या धरल्या तरी किती दोऱ्या बांधल्या असतील त्यानं, करा हिशोब, आणि कशासाठी? एवढं तरी म्हणायचं होतंस, की नाही विसरलो! ओरडायचं होतंस! माझी गचांडी धरायची होतीस! हात काय पुसत बसलास!

—हो. दादा. सख्खा. त्यात तोंड उघडं टाकून बघण्यासारखं काय आहे? माणसांना भाऊ असतात. तो गाळा आमचा दोघांचा होता. तो इंजिनाखाली आणि मी बाहेर डिझेलमध्ये पार्ट धुवायला. वहिनी दोन डबे द्यायची, आणि मला भाजी जास्त घालायची, लहान म्हणून. मग मी म्हटलं, दादा, पार्ट धुण्यापेक्षा पार्ट विकण्यात जीव आहे. त्यानं गाळ्याचं माझं अर्धं स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि त्याचे पैसे एकरकमी मोजून हातात दिले, त्यातनं हे दुकान. आणि तुझा माल मीच बसवणार, असं म्हणाला. बसवला त्यानं. डोळे मिटून बसवला. फिल्टर मी देईन तो. त्या वर्षी एकाकडनं स्वस्त फिल्टर घेतले होते मी, दिसायला हुबेहूब, वजनालाही तेवढेच. आतला कागद डिंकापासनं सुटायचा. मला नंतर कळलं. म्हणजे, त्या पंख्यात बघितलं तेव्हा कळलं. पिवळा, घडीघडीचा. मालक फोन करायला बाहेर गेला होता, चिमटा माझ्या हातात होता, आणि बाहेर दहा माणसं. अहो, दुकानात चाळीस फिल्टर होते तसे! माझं नाव लागलं असतं तर दुकान महिन्यात बसलं असतं, आणि त्याचं काय, त्याचे हात होते, हाताला काम मिळतंच, एक वर्ष तर होतं, मी म्हटलं वर्षानं पुसतील, मी त्याला सांगेन, समजावीन, घरातलीच गोष्ट— आणि मग वर्ष झालं आणि पुसलं, आणि पुसल्यावर सांगायचं तरी काय?

तुम्हाला हे मी का सांगतोय? नका ऐकू. तुम्ही चिठ्ठीसाठी आलात ना? मग चिठ्ठीचं बोला. बोळा नाही. ठीक. मग मऊ काय गेलं? मऊ आकाशातनं पडत नाही. फिल्टर? फिल्टर ह्यावेळी चांगल्या कंपनीचा होता, मी स्वतः दिला, बघितलात? शाबूत? तुम्हीच म्हणताय शाबूत. फिल्टर आणि टर्बो ह्यांच्या मधे काय असतं? मधे तर फक्त—

त्या पोत्यात अजून काय आहे?

त्यानं दिलं? ‘शेठला दाखव’ म्हणाला ते टर्बोबद्दल नाही, ह्याबद्दल म्हणाला? मग आल्या आल्या हे का नाही काढलंत बाहेर? द्या इकडे. हं. होज. फिल्टरपासनं टर्बोपर्यंतचा, मीच दिलेला, हा बघा माझा शिक्का. बाहेरनं तर नवा आहे. चीर नाही, फुगा नाही, क्लिपांच्या खुणा सरळ. आणि दोन्ही तोंडांना बोळे. दोरी बांधून. दोन्हीकडे. स्वच्छ फडकी, धुतलेली. अख्खा पाईप असा बंद करून पाठवलाय, जसा काही त्यात जीव आहे.

नाही, मीच ओढतो.

हं.

आत बोट घाला. घाला हो, चावत नाही. लागतंय? कातडी सुटल्यासारखं? आतला थर सुटलाय. बाहेरचं रबर धडधाकट, आणि आत साल लोंबतेय. गाडी उभी असताना काही कळणार नाही, रिकामी चालवलीत तरी नाही. चढाला लागलात, टर्बोनं जोरानं हवा ओढली, की ही साल आत ओढली जाते आणि पाईपाचा गळा बंद होतो. हवा नाही म्हणून काळा धूर. पलीकडनं ओढ पडते म्हणून दांड्याचं तेल हवेत, म्हणून निळा. आणि मग एक दिवस सालीचा तुकडा सुटला आणि गेला पंख्यात. मऊ. पाती मागे वळली. झालं. कुठे बोळा आणि कुठे काय. आणि हा टर्बोच्या पेटीतला होज नाही. पेटीबरोबर होज येतच नाही. हा मी तुम्हाला भेट दिला. माझ्याकडनं.

नाही, नव्हतं माहीत मला. ह्यावेळी खरंच नव्हतं. पण दाबून बघितला असता तर कळलं असतं. घेताना मी दाबून बघितला नाही. स्वस्त मिळाला की माझा हात दाबायचं विसरतो. बघा, विसरतो कोण.

आणि त्यानं बघितलं होतं. बोट घातलं असणार, कळलं असणार, तिथेच चाकूनं उभा चिरून तुमच्या हातात ठेवला असता तर तुम्ही थेट फळ्याकडे गेला असतात, माझ्याकडे नसता आलात. चिरला नाही. दोन्ही तोंडं बांधून मलाच पाठवला. मलाच! की बाबा, तूच उघड. शहाणा समजतो स्वतःला! मोठा भाऊ झाला म्हणून काय— नऊ वर्षं बोलला नाही आणि आता होज पाठवतोय!

द्या तो कागद. ‘टर्बो गेला. दोष— मालाचा. होजपाईप आतनं सुटलेला. विकणारा—’ हा घ्या शिक्का. करा तुमची सही. फळ्याजवळ खडू कधीच नसतो, हा घेऊन जा, आणि माझं नाव नीट लिहा, दुकानाच्या पाटीवर आहे तसं. नवा टर्बो तुमच्या गाडीपाशी पोचता करतो, चांगल्या होजसकट, तो मी इथे दाबून बघेन, तुम्ही तिथे दाबून बघा. बसवायचा त्याच्याकडनंच. आणि आता मला काही बोलू नका. ‘शेठ, राहू दे’ वगैरे तर अजिबात नको! तुम्हीच आला होतात ना ओरडत?

थांबा. ही बेअरिंगची डबी. नाही, तुमची नाही, त्याच्यासाठी आहे. बेअरिंग नाही त्यात, उघडू नका. वाजतही नाही, बघा. त्यात एक कागदाचा तुकडा आहे, पिवळा, घडीघडीचा. नऊ वर्षं माझ्या कप्प्यात आहे. फेकून का नाही दिला ते मला विचारू नका, मी मलाच विचारलेलं नाही. त्याच्या हातात द्या. तो बोटानं चाचपेल. कापड आणि कागद त्याला अंधारातही ओळखता येतात. म्हणावं, शेठनं— नाही. म्हणावं, धाकट्यानं दिलंय. म्हणावं, दोरी सोड.

आणि तो काही म्हणाला तर? म्हणणार नाही. हात पुसेल. पुसू दे. तुम्ही लगेच निघा तिथनं, उभे राहून बघू नका, तमाशा आहे का?

आता माझ्याकडे काय बघताय? जा ना! नाही, गिऱ्हाईकं येणार नाहीत आता, आली तरी दुकान बंद आहे. शटर अर्धं ओढतोय. वाकून जा. डोकं सांभाळा.